एजंटच्या हाती टूल, पण अधिकार कोणाचा?

एआय एजंटला, म्हणजे भाषा मॉडेलच्या आधारे स्वतःहून कामे करणाऱ्या प्रोग्रामला, ईमेल पाठवण्याचे, फाइल उघडण्याचे किंवा डेटाबेसमधील नोंद बदलण्याचे टूल दिले, की त्या टूलने कोणाच्या सांगण्यावरून आणि कुठवर काम करायचे, हे ठरवणारे सुरक्षा धोरण आखावे लागते. एजंट नवे असले तरी हा प्रश्न जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्येच लिहून ठेवले होते की, प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार असावा, स्पष्ट परवानगी नसेल तर नकार हेच उत्तर असावे आणि तपासणी दर वेळी व्हावी.

एजंटांच्या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते ती नॉर्म हार्डी यांनी 1988 मध्ये नोंदवलेली हकिकत. टाइमशेअर कंपनीच्या संगणकावर एक कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, होता. वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून त्याला एका सिस्टीम डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा होती, आणि ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच डिरेक्टरीत होती. एका वापरकर्त्याने डीबगिंगची (प्रोग्राममधील चुका शोधण्याची) माहिती कुठे लिहायची ते सांगताना या बिलांच्या फाइलचेच नाव दिले. त्या वापरकर्त्याला स्वतःला तिथे लिहिता आले नसते, पण कंपायलरला येत होते. ऑपरेटिंग सिस्टीमने कंपायलरचा अधिकार पाहिला, फाइल उघडून दिली आणि बिलांची माहिती पुसली गेली. कंपायलरच्या खांद्यावर बंदूक ठेवली गेली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

भाषा मॉडेलच्या बाबतीत ही अडचण आणखी गहिरी होते, कारण त्याच्यापुढे मालकाची सूचना आणि वाचायला आलेला मजकूर ही दोन्ही शब्दांच्या एकाच ओघात येतात; म्हणून मजकुरात दडवलेली आज्ञाही ते मालकाची सूचना समजून पाळू शकते. सप्टेंबर 2022 मध्ये प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी अशा हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. फेब्रुवारी 2023 मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की, हल्लेखोराला मॉडेलशी थेट बोलण्याचीही गरज नसते; मॉडेल जे पान किंवा ईमेल वाचणार आहे, त्यात आज्ञा पेरून ठेवली तरी पुरते. मॉडेल केवळ उत्तरे लिहीत होते तोवर नुकसानीला मर्यादा होती. जून 2023 मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल चालवण्याची मागणी करण्याची सोय, आणले, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिकने मॉडेलला टूल जोडण्याची सामाईक पद्धत म्हणून मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, आणि टूल जोडणे सोपे होत गेले.

मार्च 2025 च्या आवृत्तीत या प्रोटोकॉलमध्ये ओऑथवर (पासवर्ड न देता मर्यादित प्रवेश देण्याच्या प्रचलित पद्धतीवर) आधारलेली अधिकृतता आली. ती आवश्यकच होती, पण तिने टूल पुरवणाऱ्या सर्व्हरपर्यंत कोण पोहोचू शकतो एवढेच ठरते. आत्ताचा हा कॉल (टूल चालवण्याची मागणी), समजा या अमुक पत्त्यावर ईमेल पाठवण्याचा, कोणाच्या सांगण्यावरून निघाला आहे, हे त्यातून कळत नाही. पुढच्याच महिन्यात इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपनीने असे एक टूल दाखवले, जे वरकरणी दोन संख्यांची बेरीज करत होते, पण वापरकर्त्याची खासगी एसएसएच की (दूरच्या संगणकात शिरण्याची गुप्त किल्ली) वाचून ती टूलकडे पाठवावी, असा आदेश मॉडेलसाठी त्याच्या वर्णनात लपवलेला होता.

त्यामुळे धोरण मॉडेलला दिलेल्या सूचनांत लिहून भागत नाही. ते मॉडेलच्या बाहेर, टूलचा कॉल प्रत्यक्ष चालण्याआधी, साध्या कोडने तपासले गेले पाहिजे. उदाहरणार्थ, इनबॉक्स वाचायला मोकळीक असावी, पण बाहेरून आलेले पत्र एकदा वाचले की त्यानंतर अनोळखी पत्त्यावर काहीही पाठवताना माणसाची संमती लागावी. (दर कॉलला संमती मागणे मात्र घातक ठरते, दिवसाकाठी पन्नासदा विचारले तर माणूस न वाचताच ‘होय’ दाबू लागतो.) माहिती कुठून आली याची खूण तिच्यासोबत पुढे नेण्याचा हा विचार संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी 1976 मध्ये मांडलेल्या माहिती-प्रवाहाच्या जाळीशी (माहिती कोणत्या स्तरातून कोणत्या स्तरात जाऊ शकते हे ठरवणाऱ्या रचनेशी) नाते सांगतो, आणि 2025 मध्ये गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी ‘कॅमल’ या रचनेत तो एजंटांना लागू केला: तिथे प्रत्येक मूल्याबरोबर त्याचा उगम नोंदवलेला असतो आणि टूल चालवण्याआधी धोरण तो उगम तपासते.