सिबिल रिपोर्ट फुकटात कसा काढायचा आणि त्यात नेमकं काय बघायचं

लोनला गेलं की बँकेतला माणूस पहिलं सिबिल किती (म्हणजे आपण लोन-कार्डाचे पैसे कसे फेडतो त्यावरचा स्कोअर) ते विचारतो, आणि आपण अॅपमधे बघितलेला आकडा सांगून मोकळे. आकडा ३०० ते ९०० मधे असतो, ७५० च्या वर असला की सहसा कटकट होत नाही. पण खरी गंमत आकड्याखालच्या लोन-कार्डांच्या यादीत असते आणि ती कोणी वाचत नाही. मी पण वाचत नव्हतो, घराच्या लोनच्या वेळी पूर्ण रिपोर्ट काढला तेव्हा कळलं की सहा वर्षांपूर्वी कात्रीने कापून टाकलेलं क्रेडिट कार्ड तिकडे चालूच आहे, वार्षिक फी थकलेली आणि वर त्याचं व्याज.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, लोकांच्या लोन-कार्डांची नोंद ठेवणारी. अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, त्यामुळे मी दर तीन महिन्यांनी एकेकीकडून काढतो.

पात्रता वगैरे काही नाही. कधीच लोन किंवा कार्ड घेतलं नसेल तर स्कोअरच्या जागी एनएच असं काहीतरी येईल, घाबरू नका, त्याचा अर्थ हिस्ट्रीच नाही. आणि मेहुण्याच्या गाडीला जामीन राहिला असाल तर ते लोन तुमच्या रिपोर्टातही दिसू शकतं, हप्ते त्याने थकवले असले तरी.

लागतं काय, तर पॅन नंबर, जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि बँकेत दिलेला चालू मोबाईल नंबर. नाव पॅनवर आहे तसंच टाका. वेबसाईटवर मोठी बटणं पैसेवाल्या प्लॅनची असतात, फ्री रिपोर्टची लिंक जरा शोधावी लागते. ओटीपी येतो, कधी कधी जुन्या लोनबद्दल एखादा प्रश्न पण विचारतात. आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होतो, ही अफवा आहे.

आता वाचायचं कसं. प्रत्येक खात्यापुढे महिन्यावार डीपीडी असतो म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा गेला, शून्य असेल तर उत्तम. 'सेटल्ड' दिसलं तर सावध, वसुलीवाला गोड बोलून थोडक्यात मिटवतो पण पुढची बँक त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेते. शेवटी एन्क्वायरीची यादी असते, म्हणजे लोन किंवा कार्डासाठी कोणी कोणी आपला रिपोर्ट मागवला ते, तिथे आपण कधी न गेलेल्या कंपनीचं नाव दिसलं तर आपलं पॅन कोणीतरी वापरलंय का ते लगेच बघा.

चूक सापडली तर त्याच साईटवर डिस्प्यूट म्हणजे तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. पण बँकेने होकार दिल्याशिवाय ती कंपनी काही बदलत नाही, म्हणून बँकेलाही त्याच दिवशी मेल करा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळायचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, तीही फुकट. माझ्या कार्डाची फी तीन मेलनंतर माफ झाली, आणि खातं बंद केल्याचं पत्र मी मागून घेतलं, ते आता पॅन कार्डाच्याच फाईलमधे आहे.