मागच्या चाकाचे 4 इंच

अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन ही संस्था जुन्या मोटरसायकलींच्या मोटोक्रॉस शर्यती, म्हणजे खड्डे, चढउतार आणि उड्या असलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती, भरवते. तिच्या व्हिंटेज गटात साधारण 1974 पर्यंतच्या मॉडेलच्या गाड्या चालतात. शिवाय अट अशी, की पुढचं चाक 7 इंचांपेक्षा आणि मागचं 4 इंचांपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. गाडीच्या वयाइतकंच तिच्या सस्पेन्शनलाही महत्त्व आहे. या शर्यतींतली खरी रंगत याच 4 इंचांत आहे, असं मला वाटतं.

खेळाचा जन्म इंग्लंडमधला. यॉर्कशरच्या स्कॉट ट्रायलमध्ये वेळेबरोबर अवघड टप्प्यांवरचं कौशल्यही मोजलं जाई. मार्च 1924 मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीला तशीच स्पर्धा झाली, पण कौशल्याचे टप्पे गाळून. जो आधी पोचेल तो जिंकला. या प्रकाराला ‘स्क्रॅम्बल’ हे नाव मिळालं. पुढे फ्रान्स-बेल्जियममध्ये तो मोटोक्रॉस म्हणून रुजला. 1947 मध्ये नेदरलँड्समध्ये राष्ट्रीय संघांची पहिली स्पर्धा भरली, 1952 मध्ये 500 सीसीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि 1957 मध्ये तिला विश्वविजेतेपदाचा दर्जा मिळाला. पहिला विश्वविजेता स्वीडनचा बिल निल्सन.

तेव्हा 500 सीसीच्या गटात वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. जेफ स्मिथने 1964 आणि 1965 अशी दोन विजेतेपदं बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवर मिळवली. 1966 मध्ये वजन आणखी घटवण्यासाठी कंपनीने टायटॅनियमची चेसिस बनवली. ती हलकी होती, पण तडा गेला तर मैदानावर वेल्डिंग करणं जवळजवळ अशक्य, कारण टायटॅनियम जोडताना हवा लागू द्यायची नसते. त्याच साली पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर 500 सीसीचं विजेतेपद नेलं. या गटात जिंकलेली ही पहिली टू-स्ट्रोक, म्हणजे साध्या, हलक्या इंजिनाची गाडी. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला. सीझेड ही जावाची भावंड कंपनी. म्हैसूरला तयार झालेल्या जावा-येझदीचा आवाज ऐकत मोठे झालेल्या आपल्या वाचकांना त्या इंजिनांचं घराणं वेगळं सांगायला नको!

इकडे 250 सीसीत हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीच्या टोर्स्टेन हॉलमनने चार विजेतेपदं जिंकली. 1966 मध्ये तो अमेरिकेत जाऊन शर्यती खेळला आणि तिथे मोटोक्रॉसचं वेड पसरलं. 1970 मध्ये बेल्जियमचा जोएल रॉबर्ट सुझुकीवर जिंकला आणि जपानी कंपन्यांचं पर्व सुरू झालं.

खरी उलथापालथ मात्र 1973-74 मध्ये झाली. ल्यूसियन टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने मागच्या दोन शॉकअपऐवजी सीटखाली एकच लांब शॉकअप बसवायची रचना केली. यामाहाने ती विकत घेतली आणि तशा गाडीवर स्वीडनच्या हाकान अँडरसनने 1973 चं 250 सीसीचं विजेतेपद मिळवलं. माइको या जर्मन कंपनीने वेगळी वाट धरली. दोन शॉकअप ठेवून ते पुढे सरकवले आणि चाकाला जास्त खेळायला जागा दिली. दशक संपता संपता 4 इंचांचे 10-12 इंच झाले. उड्या लांबल्या, त्यांना साजेसे ट्रॅक बनले, आणि 1974 ची गाडी दोन-तीन वर्षांतच जुनाट ठरली.

म्हणूनच व्हिंटेज शर्यतीची सीमारेषा तिथे आखली गेली. आजच्या गाडीवरचा स्वार बराचसा खड्डा सस्पेन्शनवर सोपवू शकतो. जुन्या गाडीवर तो गुडघ्यांनी आणि कोपरांनी झेलावा लागतो. त्यामुळे कुठला चर टाळायचा, वळणाला आतून शिरायचं की बाहेरून, हे सतत ठरवावं लागतं. ड्रम ब्रेक चिखलाने भिजले की पकड सुटते, मग थांबायची तयारीही लवकर करावी लागते. वेग आजच्यापेक्षा कमी, पण गाड्या एकमेकींना खेटून धावतात आणि शेवटच्या वळणापर्यंत पुढचा-मागचा ठरत नाही. ही चुरस पाहताना मला आधुनिक शर्यतीपेक्षा जास्त भरून येतं.

1974 नंतरच्या गाड्यांसाठी काही संस्थांच्या शर्यतींत ‘इव्होल्यूशन’ हा वेगळा गट असतो. तिथे लांब सस्पेन्शन चालतं, पण इंजिन हवेवर थंड होणारं, ब्रेक ड्रमचे आणि मागच्या शॉकअपला लिंकेज, म्हणजे त्याला चाकाशी जोडणाऱ्या जास्तीच्या दांड्या, नसाव्यात.