लाकडी आधारभिंतीवरचा खरा भार

उताराच्या जागेवर बाग करताना माती अडवण्यासाठी लाकडी भिंत घालायची ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न फळीच्या जाडीचा असतो; सातारा शहरासारख्या डोंगरउतारावर वसलेल्या गावात मात्र भिंतीची उंची आणि तिच्यामागे साठणारे पाणी यांचा विचार त्याआधी व्हायला हवा.

मातीचा आडवा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे शाळेत परिचित झालेल्या शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दाबाचे गणित मांडले. कोरड्या मुरमाड मातीचा घर्षणकोन, म्हणजे साधारणपणे तिचा सैल ढीग ज्या उताराने न घसरता उभा राहतो तो कोन, ३० अंश धरल्यास आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश येतो, कारण उरलेला भार कणांमधील घर्षण पेलते. घनमीटरला १८०० किलो वजनाची माती १ मीटर उंचीच्या भिंतीला दर मीटर लांबीमागे सुमारे ३०० किलोचा रेटा देते, आणि हा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो. त्याची तळापासूनची उंचीही दुप्पट होत असल्याने भिंत उलथवू पाहणारा परिणाम मात्र आठपट होतो. म्हणूनच एका उंच भिंतीऐवजी दोन ठेंगण्या पायऱ्या कराव्यात, आणि वरच्या पायरीचा भार खालच्या भिंतीवर येऊ नये म्हणून त्यांच्यात खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे.

पाण्याला असे घर्षण नसते. ते सर्व दिशांना सारखाच दाब देत असल्याने, मागची माती वरपर्यंत पाण्याने भरली तर १ मीटरच्या भिंतीवर एकट्या पाण्याचा रेटा ५०० किलो होतो. उत्प्लावनामुळे, म्हणजे पाण्याने वर उचलून धरल्यामुळे, हलक्या झालेल्या मातीचे सुमारे १७० किलो त्यात मिळवले की एकूण रेटा कोरड्या स्थितीच्या दुपटीहून अधिक भरतो. आपल्याकडच्या शेतांमधील चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगड रचून केलेल्या ताली (बांध) पाणी सांध्यांतून सोडून देतात. लाकडी भिंतीतही फळ्यांमध्ये फटी ठेवाव्यात, मागे खडीचा थर द्यावा आणि तळाशी उतार दिलेला छिद्रांचा पाइप टाकावा. माती खडीत शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल कापड हवे. काळी माती भिजल्यावर फुगते, त्यामुळे भिंतीलगतच्या भरावासाठी ती टाळून मुरूम वापरावा. नैऋत्य कोपरा उंच हवा, या वास्तुशास्त्रीय सल्ल्यावरून भिंतीची जागा ठरवण्याला काहीही आधार नाही. पाणी जमिनीच्या उताराने वाहते, दिशा पाहून नव्हे.

रोवलेल्या खांबांची रचना सर्वांत सोपी आहे, पण खांब जमिनीवर जितका दिसतो किमान तितकाच जमिनीत जायला हवा. अधिक उंचीसाठी आडवे ओंडके रचून त्यांना मागच्या घट्ट मातीत गाडलेल्या आडव्या लाकडाशी बांधणे चांगले. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि ती दोन्ही जमिनीच्या पातळीलगत मिळतात. त्यामुळे खांब प्रथम तेथेच कमकुवत होतो. कुजण्यापासून वाचवणारे परिरक्षक रसायन दाबाखाली आतपर्यंत मुरवलेले लाकूडच निवडावे, कारण कुंचल्याने वरून दिलेला थर मातीत फार काळ संरक्षण देत नाही.