ताडपत्री बांधली म्हणजे धूळ थांबली?

विदर्भातल्या वणी, घुग्घुस, राजुरा या कोळसा पट्ट्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री आहे ना, मग धूळ कसली? ताडपत्री हवीच, पण तिच्याने फक्त वरचा माल उडायचा आणि सांडायचा थांबतो. खरी धूळ उठते चाकांखालून. सांडलेला चुरा टायरखाली भरडून पिठासारखा होतो आणि मागून येणारा प्रत्येक हायवा (मोठा टिपर ट्रक) तो पुन्हा उडवतो. रिकामा परतणारासुद्धा.

टँकरने पाणी मारणंही अर्धवटच. उन्हाळ्यात रस्ता लवकर वाळतो. जास्त मारलं तर चिखल टायरला चिकटून डांबरी रस्त्यावर येतो, वाळतो, उडतो. म्हणून खाणीच्या फाटकावर चाकं धुणं आणि चुरा यंत्राने ओढून घेणं जास्त कामाचं. कच्च्या रस्त्यावर वेग ताशी 40 किमीवरून 20 केला तर धूळ साधारण निम्मी होते.

आवाजाचा दोष भरलेल्या गाडीला देतात. खड्ड्यात दणदणतो तो रिकाम्या गाडीचा मागचा सैल फाळका (झडप)! निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे. फाळक्याच्या खिळ्या घट्ट करा, खड्डे बुजवा.