विष उतरलं म्हणजे माणूस बरा झाला?

वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारात सर्पदंशाची गोष्ट निघाली की शेवट ठरलेला: 'इंजेक्शन दिलं, विष उतरलं, आता काही नाही.' हे खरं नाही, आणि या समजापायी लोक पुढची तपासणीच सोडून देतात.

प्रतिविष, म्हणजे सर्पदंशावरचं ते इंजेक्शन, रक्तात फिरणारं विष निकामी करतं. मेलेलं मांस ते जिवंत करत नाही, की बिघडलेलं मूत्रपिंड दुरुस्त करत नाही. पादरा गावाकडे शेतात घोणस चावलेल्या आमच्या एका काकांचा पायाचा अंगठा आजही वळत नाही. चपलेचा पट्टा ते हाताने ओढून बसवतात. त्या दिवशी पाय दोरीने करकचून आवळला होता, त्यानेही नुकसान वाढतं. दोरी बांधूच नये.

घोणशीचं विष मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीलाही इजा करू शकतं. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, सततचा थकवा येतो, पाळी थांबते, अंगावरचे केस विरळ होतात. दंशाशी संबंध कुणी जोडतच नाही! म्हणून डॉक्टरांना जुना दंश आवर्जून सांगा. हार्मोनचे उपचार आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं सर्पदंशाने दगावतात. अवयव गमावणारे किंवा कायमचं अपंगत्व येणारे त्याच्या सुमारे तिप्पट.

मण्यारीचा लकवा मात्र वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर बहुधा पूर्ण ओसरतो.

घोणस चावली असेल तर घरी आल्यावरही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ताची तपासणी), लघवी आणि रक्तदाब तपासत राहा. जखम भरत आली की सांध्यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, सांधा आखडायच्या आत.