‘सुरती’ कापूस (बदनामीचा व्यापारी शिक्का)

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. माल अमरावतीचा असो की वर्धेकाठचा, नाव तेच. बंदरावरून पडलेले हे नाव पुढे शिवीसारखे झाले.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861–65) तिथला कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना इकडच्या मालावर भागवावे लागले. त्यांची यंत्रे अमेरिकी लांब धाग्याला बेतलेली. आखूड धागा वारंवार तुटे. मजुरी कामाच्या मापावर असल्याने कामगार दिवसभर राबूनही हाती कमी घेऊन घरी जाई. ‘देवा, कापूस धाड, पण सुरती नको,’ अशी प्रार्थना तिथे झाल्याची आख्यायिका आहे. 1863 मध्ये तर बीअर बनवणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीत ‘सुरत’वाले म्हटले गेले आणि अब्रुनुकसानीचा दावा कोर्टात उभा राहिला. बीअरचा कापसाशी काय संबंध? पण ‘सुरत’ म्हणजे हलका, भेसळीचा माल, हा अर्थ तोवर रुळला होता.

तक्रारीला आधार होता. रुईत सरकी, माती, पाणी मिसळले जाई. ते रोखण्यासाठी मुंबई सरकारने 1863 मध्येच कायदा केला. पण रुईतला सगळाच कचरा लबाडीचा नसतो. दुपारच्या उन्हात पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) हात लावला की बोंडाभोवतीचा वाळका पाला चुरतो आणि कापसाला चिकटतो. सकाळच्या गारव्यात वेचलेला कापूस स्वच्छ निघतो, हे वेचणाऱ्या बाया जाणतात. शिवाय 1867 मध्ये नागपूरला रेल्वे पोचण्यापूर्वी बराच माल बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेतली धूळ आणि ओल गाठींत शिरे. ठपका मात्र पिकवणाऱ्यावरही येई.

जाणकार दलाल ‘हिंगणघाट’, ‘उमरावती’ (अमरावती) हे प्रकार वेगळे ओळखत. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचा लांब, मऊ धागा त्यांना ठाऊक होता. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी मालाचे नाव ‘उमरा’. तरी युद्ध संपून अमेरिकी कापूस परतल्यावर भाव कोसळले आणि बनी जपून पिकवण्याचे मोल कास्तकाराच्या पदरात पडेना. मग त्याने जास्त रुई देणारी, आखूड धाग्याची ‘जरी’ पेरली. त्यात त्याचा दोष काढता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडाच्या शिवारांत बनी दुर्मीळ झाली होती.