स्टार पिनियनचा दात कुठून तुटतो?

लाकडी नांगर करणारा सुतार सरळ ओंडक्यातून बाक कोरत बसत नसे. मुळातच वाकलेलं बाभळीचं लाकूड तो शोधून आणायचा. सरळ लाकडात बाक कोरला की त्या जागी तंतू तुटतात, आणि नांगर दगडाला अडकला की नेमका तिथेच उकलतो. गाडीच्या डिफरन्शियलमधल्या, म्हणजे वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेतल्या, बेव्हल गिअरचं (शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांचं) दुखणं बरंचसं याच जातीचं.

दोन बाजूंच्या चाकांना जोडलेले दोन सन गिअर आणि त्यांच्यामध्ये दोन किंवा चार छोटे स्टार पिनियन, एवढाच हा संसार. गाडी सरळ चालली असताना स्टार पिनियन स्वतःभोवती फिरतच नाहीत. तेच ते दात एकमेकांवर रेटलेले राहतात. वळणावर फिरतात तेही सावकाश. त्यामुळे आवाजाची फिकीर इथे कमी, सगळी काळजी दात टिकण्याची. चिखलात भिरभिरणारं चाक एकदम कोरड्या जमिनीवर पकड घेतं, तेव्हाचा झटका थेट दातांच्या मुळाशी बसतो.

हे दात कापून काढायची रीत जुनी. अमेरिकेत रॉचेस्टरच्या विल्यम ग्लीसन यांनी १८७४ साली बेव्हल गिअरचे दात कापणारं यंत्र बनवलं. पुढे त्यांच्या कंपनीच्या रेव्हासायकल पद्धतीत भल्यामोठ्या चकतीसारखा कटर एका फेरीत दोन दातांमधली अख्खी खाच पाडू लागला. काम झटपट आणि अचूक. पण कटर कुठलाही घ्या, त्याला खाचेत शिरायला आणि पलीकडे निघायला वाट लागतेच. म्हणून दाताची दोन्ही टोकं उघडी राहतात.

फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवण्यात, ही अडचण नाही. तापवलेला बिलेट (पोलादाचा तुकडा) डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबला की दातांसकट गिअर तयार होतो आणि सरळ वर उचलून निघतो. त्यामुळे दातांच्या टोकांशी धातूची पातळ भिंत ठेवता येते, मुळाशी गोलाईही सढळ देता येते. फळीला दोन्हीकडून टेकू मिळावा, तसा दाताला आधार मिळतो.

असा गिअर मधोमध कापून, घासून गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवला तर कापलेल्या पृष्ठभागावर बारीक रेषा उमटतात. दाताच्या आकाराबरोबर त्या वर चढतात, मुळाशी वळतात. बारमधून (पोलादाच्या दांड्यातून) कापलेल्या गिअरमध्ये त्याच रेषा दाताच्या कडेशी तुटलेल्या दिसतात. पुढे पृष्ठभागात कार्बन मुरवून तो थर कडक करणाऱ्या कार्बुरायझिंगच्या भट्टीत, साधारण ९२० अंश सेल्सिअसला, पोलादाचे कण नव्याने घडतात. मग या रेषा टिकतात कशा? कारण त्या कणांच्या नसून सल्फाइडसारख्या अशुद्धींच्या असतात. मुळाशी उगवलेल्या भेगेला या रेषा आडव्या आल्या तर तिची वाट अवघड होते.

फोर्जिंगच्या जाहिरातींत या रेषांचंच कौतुक जास्त असतं. माझ्या मते श्रेय आधी टोकांच्या भिंतींना आणि मुळाच्या गोलाईला द्यावं. पोलाद जितकं स्वच्छ, तितका रेषांचा फरक कमी.

फोर्जिंगची दुखणीही आहेत. फार तापवलं तर वर खवले धरतात आणि पृष्ठभागातला कार्बन जळतो. जिथे कडकपणा हवा, तोच थर मऊ पडतो. डाय झिजली की दाताचा आकारही बिघडतो. कडक थर तसाही छोट्या गिअरवर जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे घासून दुरुस्त करायला फार वाव नसतो.

त्याच हाउसिंगमधल्या (पेटीतल्या), इंजिनाची ताकद डिफरन्शियलपर्यंत पोचवणाऱ्या क्राउन व्हील आणि टेल पिनियन या गिअरच्या जोडीचे दात मात्र सहसा अजूनही कापूनच काढतात. ती जोडी गाडी चालेल तितका वेळ फिरत असते, आणि तिथला जरासा खडखडाटही ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचतो.